तीर्थनकाठचे पाच दिवस आणि त्याआधीचे चार महिने

जूनमधल्या एका रविवारी सकाळी सहाला चालायला बाहेर पडले तर सोसायटीमागच्या मैदानावर कर्नलकाका एकटेच उभे, हातात लांब बारीक काठी, काठीच्या टोकाला पिवळीधमक दोरी, आणि ती दोरी डोक्यावरून मागे जातेय, हवेत सरळ होतेय, मग पुढे येऊन ओल्या गवतावर अलगद उतरतेय. परत मागे, परत पुढे. आवाज जवळजवळ नाहीच. मी पंधरा मिनिटं कठड्याशी उभी राहून बघत होते. शेवटी त्यांनीच मान वळवली आणि म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस, ये इकडे, धरून बघ." तिथून माझं हे फ्लाय फिशिंग सुरू झालं.

माझं आजोळ चिपळूणजवळ. मे महिन्यात मामाबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचे, म्हणजे गळ, गांडूळ, तरंगायला बूच आणि खाली शिसाचा तुकडा. त्यामुळे मासे धरणं माझ्यासाठी काही नवीन नव्हतं. पण काकांच्या हातातलं प्रकरण पूर्ण वेगळं आहे हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. आपल्या गरीला शिसं बांधलेलं असतं, आपण ते शिसं फेकतो आणि दोरा त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमधे टोकाला असतो एक गळ आणि त्याच्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा, म्हणजे फ्लाय, त्याला वजन असं नसतंच, वाऱ्यावर उडून जाईल एवढा. ते फेकणार कसं? तर वजन असतं दोरीला. जाडसर, प्लास्टिकचा थर दिलेली लाइन, तीच आपण फेकतो आणि किडा नुसता तिच्यामागून जातो. म्हणजे मामाने शिकवलं त्याच्या अगदी उलटं.

काका सैन्यातून निवृत्त, मूळचे साताऱ्याचे, वय एकाहत्तर. तरुणपणी त्यांची पोस्टिंग हिमाचलला होती तेव्हा एका वरिष्ठांकडून हे शिकले, आणि पुढची कितीतरी वर्षं सुट्टी मिळाली की तिकडेच. आता गुडघे गेलेत. वाहत्या पाण्यात उभं राहता येत नाही. ते म्हणाले, "मी शिकवतो, तू शीक, सप्टेंबरच्या शेवटी हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जाऊ, मी काठावर बसेन." काकू तिथेच होत्या, त्यांनी लगेच सांगितलं की मी पण येणार. ठरलं.

जून ते सप्टेंबर आठवड्यातून तीन दिवस सकाळी मैदानावर. पाऊस असला तरी, कारण ओल्या गवतावर लाइन घासत नाही, सुक्या जमिनीवर ती खराब होते. टोकाला गळ नाही, काकूंच्या विणकामातल्या लाल लोकरीचा एक इंचाचा तुकडा. नऊ फुटांचा रॉड, चार तुकड्यांत मोडणारा. त्याच्यावर ५ हा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे पाच नंबरची लाइन त्याला लागते. हा आकडा नीट समजून घ्या, कारण मी त्यातच अडकले होते. लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन किती त्याच्यावरून तो नंबर ठरतो, पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, साधारण नऊ ग्रॅम. मी ऑनलाइन मागवली त्या दुकानदाराने पाचच्या खोक्यात सातची लाइन पाठवली, सात म्हणजे बारा ग्रॅम, आणि मला ते कळायला दोन आठवडे लागले. रॉड उगाच जास्त वाकतोय, लाइन धपकन पडतेय, आणि मला वाटतंय माझाच हात चुकतोय. शेवटी काकांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तीस फूट मोजून ठेवली तेव्हा उलगडा झाला. परत पाठवायला गेले तर "वापरलेला माल परत घेत नाही". खूप राग आला होता, पैशांपेक्षा त्या गेलेल्या दोन आठवड्यांचा.

कास्टिंगचं, म्हणजे लाइन फेकण्याचं, मूळ एवढंच की रॉड घड्याळात दहावर आणि साधारण एकवर थांबला पाहिजे. थांबला पाहिजे, हळू झाला नाही पाहिजे. थांबल्यावर रॉडचा वाक सुटतो आणि ती ताकद लाइनमधे जाते, लाइनचा एक वळसा तयार होतो आणि तो उलगडत जातो. मागे टाकल्यावर तो वळसा पूर्ण उलगडेपर्यंत वाट बघायची, मगच पुढे. सगळे शिकणारे इथे घाई करतात कारण मागचं दिसत नाही. घाई केली की चाबकासारखा फट्ट आवाज येतो आणि टोकाचा किडा तुटून गेलेला असतो. काका माझ्यामागे उभे राहून "अजून... अजून... हां आता" असं म्हणायचे. महिन्याभराने त्यांनी म्हणणं बंद केलं आणि मला कळेना की बरोबर होतंय की नाही, मग त्यांनी सांगितलं मान वळवून बघ, बिनधास्त बघ, त्यात चोरी नाही. मान वळवून बघायला लागल्यापासून माझा बॅककास्ट, म्हणजे मागे टाकणं, सुधारला.

संध्याकाळी घरी डायनिंग टेबलवर गाठी. लाइनच्या पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर, नऊ फुटांचा, आणि त्याच्यापुढे टिपेट म्हणून बारीक दोरा, ५एक्स नावाचा, जाडी ०.१५ मिलीमीटर. गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करायची नाहीतर दोरा घर्षणाने तापतो आणि तिथेच तुटतो. लेकीला हा कार्यक्रम फार आवडायचा, ती माझ्याबरोबर बसून सर्जन्स नॉट शिकली आणि नंतर दप्तराचा तुटलेला बंद तिने त्याच गाठीने बांधला.

फ्लाय बांधणं हा मला सगळ्यात आवडलेला भाग आणि त्यासाठी पुण्यासारखं शहर नाही. बाहेरून मागवलेलं सामान महाग पडतं. काका म्हणाले आधी गावात शोध. बारीक तांब्याची तार बुधवार पेठेत मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळाली, त्याने दोन हात भरून तार फुकट दिली. पितळेचे बारीक मणी रविवार पेठेत बोहरी आळीत. कोंबड्याच्या मानेची पिसं कॅम्पातल्या चिकनवाल्याकडून, गरम पाण्यात साबण घालून धुवून गच्चीवर वाळवली. आणि मोरपीस. मोरपिसाचा डोळा नाही, त्याच्या खालच्या दांड्याला जे हिरवट तांबूस तंतू असतात ते. गळावर गुंडाळले की पाण्यात ते किड्याच्या अंगासारखे चमकतात, जगभरचे फ्लाय बांधणारे हाच तंतू वापरतात. आमच्या देवघरात मागच्या भिंतीला लावलेलं एक जुनं पीस होतं, सासूबाईंना विचारून त्यातलेच आठ-दहा तंतू काढले. गळ १४ नंबरचा. त्याचा उलटा काटा आधी पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे मणीही त्यावरून सरकतो आणि मासा सोडताना त्याचं तोंडही फाटत नाही. मणी डोक्याशी, मोरपिसाचं अंग, वरून तांब्याची तार आवळून. पाण्याखाली राहणाऱ्या अळीसारखं दिसतं, त्याला निम्फ म्हणतात. ऑगस्टअखेरीस माझ्या डबीत असे बावीस झाले होते.

ऑगस्टमधे पाऊस थोडा उघडला तेव्हा खऱ्या पाण्यावर हात बसावा म्हणून पवनेच्या बाजूला एका तलावावर गेलो. अशा पाण्यांवर बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, त्यामुळे आधी त्यांच्या माणसाला विचारलं, त्याने काठीकडे बघून हसून परवानगी दिली. दोन तासांत तीन चिलापी लागल्या, तळहाताएवढ्या. चिलापी आफ्रिकेतली, आता सगळीकडे झालीये. तो माणूस म्हणाला पूर्वी इथे दुसरे मासे होते.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी येऊन काकांना सांगितलं तर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला पुण्यात इतकी वर्षं राहून माहिती नव्हती. आपल्या दख्खनच्या महाशीर माशाचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३९ मधे कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलं, आणि त्याला तो मासा मिळाला कुठे, तर पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत! त्याने नदीचं नाव 'मोटा मोला' असं लिहिलंय. म्हणजे बंडगार्डनच्या पुलावरून नाक दाबून जातो तीच नदी, त्या माशाची शास्त्रातली जन्मभूमी. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवली जातात, देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे भाविकांनी पिढ्यानपिढ्या जपले, हे सगळं चांगलंच आहे. पण शहरातल्या नदीत आता तो मासा जगणं शक्य नाही. मासा बघायला, स्वच्छ नदीत उभं राहायला मला जवळजवळ दोन हजार किलोमीटर जावं लागतंय याचं मला दुःख आहे आणि ते तिथे पाच दिवस सोबत होतं.

तर विसर्जन झालं, दोन दिवसांनी निघालो. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून रात्रीची मनालीची बस. ती बस औटच्या बोगद्याच्या अलीकडे पहाटे उतरवते, तिथून लारजीवरून गाडीने बंजार आणि पुढे गुशैणी. लारजीला तीर्थन आणि सैंज या नद्या बियासला मिळतात. तीर्थन उगम पावते ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधे, २०१४ मधे युनेस्कोच्या यादीत गेलेलं ते उद्यान. आणि या नदीवर वीजप्रकल्प होऊ द्यायचे नाहीत म्हणून खोऱ्यातल्या लोकांनी लढा दिला आणि जिंकला, म्हणून ती अजून वाहती आहे. परवाना मत्स्य विभागाचा, दिवसाच्या हिशोबाने, प्रत्येक माणसाचा वेगळा. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची, म्हणजे ज्या थंड पाण्यातल्या माशासाठी आम्ही निघालो होतो त्याची, मासेमारी पूर्ण बंद असते, विणीचा काळ म्हणून.

ट्राउट काही इथली नाही. ब्राउन ट्राउट युरोपातली, इंग्रजांनी आधी काश्मीरमधे आणली आणि १९०९ मधे तिथून कुल्लूत. रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिम बाजूची. ही उपरी मासळी आहे हे मला माहिती आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात प्रश्नही आहेत, इथला मूळचा मासा वेगळाच, त्याला स्नो ट्राउट म्हणतात पण तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. पण शंभर वर्षांत ही ट्राउट त्या नदीची झालीये, गावातल्या मुलांना ती नेमकी कुठे राहते ते माहिती असतं.

सप्टेंबरचा शेवट का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. पावसाळ्यात नदी मातीच्या रंगाची आणि रोंरावणारी असते. पाऊस मागे फिरला की पाणी उतरतं, निवळतं, आठवड्याभरात तळाचे गोटे मोजता येतात. बर्फ वितळून येणारं पाणीही कमी झालेलं असतं. पहिल्या सकाळी मी थर्मामीटर बुडवला तर ११ अंश. ट्राउटला असंच थंड पाणी लागतं कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. आणि ब्राउन ट्राउट ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे अंडी घालते, त्याआधी ती भरपूर खाते. घरांच्या छपरांवर मक्याची कणसं वाळत घातलेली, सगळी छपरं केशरी. अक्रोडाची पानं पिवळी पडायला लागलेली. चार वाजताच ऊन डोंगराआड जातं आणि एकदम स्वेटर लागतो. पुण्यात त्या दिवसांत ऑक्टोबरच्या उन्हाची सुरुवात झालेली असते.

पहिले दोन दिवस मला एकही मासा लागला नाही.

मैदानावर मी पन्नास-साठ फूट लाइन टाकायला शिकले होते आणि त्याचा मला अभिमान होता. नदीवर मी तेच करत राहिले. पलीकडच्या काठाला झकास डोह दिसतोय, टाक तिथे. लाइन सुंदर जायची, निम्फ बरोबर डोहात पडायचा, आणि एका सेकंदात मधली वेगवान धार लाइन ओढून न्यायची आणि निम्फ डोहातून फरफटत बाहेर. खरा किडा कधी पाण्याला आडवा धावत नाही, तो पाण्याच्या वेगाने वाहत येतो. ट्राउट हे आयुष्यभर बघत असते, तिला फरक लगेच कळतो. काका काठावरून ओरडून सांगत होते पण पाण्याच्या आवाजात मला निम्मं ऐकू येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर ऐकायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी फार गप्प होते. चार महिने आणि एवढा खर्च, आणि काकांना मी काय दाखवतेय. काकूंनी राजमा वाढता वाढता एवढंच विचारलं, "तुझ्या पायाशी मासे नाहीत हे कुणी सांगितलं तुला?"

तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबर गावातला एक मुलगा होता, विशीतला, लहानपणापासून या नदीवर वाढलेला. त्याने आधी रॉड हातात घेऊच दिला नाही. गुडघाभर पाण्यात जाऊन एक गोटा उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. ओल्या दगडावर चपट्या अळ्या सरपटत होत्या, तीन शेपट्यांच्या, कडेने कल्ले थरथरताहेत, त्या मेफ्लाय नावाच्या किड्याच्या. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळकांड्या, त्यात कॅडिस नावाच्या दुसऱ्या किड्याच्या अळ्या राहतात. "दीदी, ये इनका खाना है. अब डिब्बी खोलो." मी डबी उघडली आणि देवघरातल्या मोरपिसाचा निम्फ त्या अळीशेजारी धरला. आकार जवळजवळ तोच. रंग थोडा गडद. मला तिथेच रडू आलं थोडंसं, का ते सांगता येणार नाही.

मग त्याने मला पंधरा फुटांवरचं पाणी दाखवलं. एक मोठा कातळ, त्याच्या मागे पाणी संथ, दोन्ही बाजूंनी धार. ट्राउट नेहमी धारेकडे तोंड करून उभी असते, संथ पाण्यात ताकद वाचवत, आणि शेजारच्या धारेतून जे खायला वाहत येईल ते चटकन बाजूला होऊन उचलते. म्हणून आपण खालच्या अंगाने, तिच्या पाठीमागून जायचं. तिला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो त्यामुळे साधारण ९७ अंशांच्या कोनात सगळं आकाश आणि काठ तिच्यासाठी मावलेलं असतं. जेवढे आपण बुटके तेवढे तिला कमी दिसतो. म्हणून वाकून, गुडघ्यावर. पायात फेल्टच्या तळव्याचे बूट होते, तरी शेवाळलेल्या गोट्यांवरून एक एक पाऊल चाचपत टाकावं लागतं, एक पाय घट्ट बसला की मगच दुसरा, हातात काठी. पाणी हाडात शिरतं.

लाइन जवळजवळ टाकलीच नाही. रॉड उंच धरला, लाइन पाण्याच्या वर, पाण्यात फक्त लीडर. निम्फ कातळाच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि तो वाहत येईल तसं रॉडचं टोक त्याच्याबरोबर त्याच वेगाने खाली आणायचं. लीडरवर काकूंच्या लाल लोकरीचा छोटासा पुंजका बांधला होता खूण म्हणून. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. मुलगा मागून हळूच म्हणाला "लंबा नहीं दीदी, धीरे." सातव्या की आठव्या वेळी तो लाल पुंजका वाहता वाहता थबकला, बुडलाही नाही, नुसता पाण्यापेक्षा हळू झाला, आणि माझा हात माझ्याआधी वर गेला.

रॉड जिवंत झाला एकदम. वाशिष्ठीवर मासा लागला की आम्ही दोरा ओढून काठावर फेकायचो. इथे ५एक्सचा तो बारीक दोरा, ओढला की तुटला. मासा धारेत शिरला की त्याला जाऊ द्यायचं, रीलमधून लाइन बोटांतून सोडायची, थांबला की घ्यायची. काका काठावर उभे राहिले होते, गुडघे विसरून. "टोक वर ठेव! टोक वर!" दोन मिनिटं असतील, मला फार वाटली. मग जाळीत आली ती. ब्राउन ट्राउट, माझ्या कोपरापासून मनगटाएवढी. पोट लोण्यासारखं पिवळं, अंगावर काळे ठिपके आणि मधेमधे लाल ठिपके आणि त्या लाल ठिपक्यांभोवती फिकट कडा. फोटोत हा रंग येत नाही, मी काढलेत, नाही आला.

हात आधी पाण्यात ओले करायचे, कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिला बुरशी लागते. जाळी पाण्यातच ठेवायची. काटा दाबलेला असल्यामुळे गळ नुसता मागे ढकलल्यावर निघाला. मग दोन्ही हातांत सैल धरून तोंड धारेकडे करून थांबले. कल्ले उघडमीट, उघडमीट. मग शेपटी जोरात हलली आणि ती कातळाच्या मागे, जिथून आली होती तिथेच गेली. परवान्यात काही मासे ठेवायची मुभा असते, आणि तिथले लोक खातात त्यात मला काहीही वावगं वाटत नाही, मी कोकणातल्या मासे खाणाऱ्या घरातली आहे. पण नदीतले मासे मी सगळे सोडले, विणीला महिना राहिलेला असताना पोटात अंडी असलेली मासळी मारायला मन होईना. खाल्ली ती ट्राउट फार्मवरची खाल्ली, हळद-मीठ-मोहरीचं तेल लावून.

त्या दिवशी अजून दोन लागल्या, सगळ्या वीस फुटांच्या आत. साठ फुटांच्या कास्टची गरज पाच दिवसांत एकदाही पडली नाही. शिकणाऱ्यांना मी हेच सांगते की वीस फुटांवर लोकर एका ताटात पडते का ते बघा, आणि ती पडल्यावर तुमची लाइन कुठे आहे ते बघा. लांबी नंतर.

चौथ्या दिवशी संध्याकाळी डोहावर मेफ्लाय निघाल्या. आकाशाकडे बघितलं तरच दिसतात, उजेडात धुरासारख्या वरखाली. ट्राउट त्या टिपायला वर येऊ लागल्या आणि पाण्यावर गोल उमटायला लागले, एक इथे, एक तिथे. निम्फ सोडून ड्राय फ्लाय लावली, पाण्यावर तरंगणारी, कॅम्पातल्या कोंबड्याच्या पिसाची. यात लाइन धारेत गेली की लगेच तिला वरच्या अंगाला पलटी मारायची, त्याला मेंडिंग म्हणतात, म्हणजे किडा मोकळा वाहतो. एक मोठी आली, वर येताना मला तिचं डोकं दिसलं, आणि मी रॉड फार लवकर उचलला. तिने तोंड मिटायच्या आधीच. पाणी परत गुळगुळीत. ती पुन्हा आली नाही, आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

पाचवा दिवस काकांचा. आदल्या रात्री त्या मुलाने आणि मी ठरवलं होतं, सकाळी काठालगत एक सपाट कातळ शोधला जिथपर्यंत पाण्यात न शिरता जाता येतं, दोघांनी दोन बाजूंनी धरून काकांना तिथे नेलं, घडीची खुर्ची ठेवली. त्यांनी खुर्ची बाजूला केली. उभं राहूनच टाकणार म्हणाले. माझाच रॉड, माझ्याच डबीतला निम्फ, त्यांनी तो डोळ्याजवळ धरून बघितला आणि मान हलवली. पहिलाच कास्ट, एकच बॅककास्ट, मान न वळवता. निम्फ कडेच्या फेसाच्या पट्ट्यात पडला आणि तीन हातांवर लाइन थांबली. वीतभर रेनबो ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा. त्यांनी वाकता येत नव्हतं म्हणून मला खाली धरायला लावली, पण गळ स्वतः काढला. मग म्हणाले झालं, आता तू. मी काकूंकडे बघितलं तर त्या लोकर बाजूला ठेवून चष्मा पुसत होत्या.

दुपारी वरच्या अंगाला एका उथळ जागी मुलाने आम्हाला थांबवलं. गोट्यांच्या तळावर ताटाएवढा भाग घासून पुसून स्वच्छ केल्यासारखा, बाकी सगळीकडे शेवाळ. ब्राउन ट्राउटची मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून परत गोटे लोटते. इतक्या लवकर तयारी सुरू झाली होती. अशा जागेवर पाय पडला तर शेकडो अंडी चिरडतात, त्यामुळे ऑक्टोबर लागला की स्वच्छ गोट्यांच्या पट्ट्यांतून चालायचंच नाही, वळसा घालून काठाने जायचं. आम्ही तिथून मागे फिरलो आणि रॉड मोडून नळीत घातला. अजून दोन तासांचा परवाना शिल्लक होता.

पुण्यात आल्यावर दुसऱ्याच रविवारी लेकीला घेऊन पहाटे पवनेच्या वरच्या बाजूला गेले, जिथे ती अजून ओढ्यासारखी आहे आणि तळ दिसतो. रॉड नेला नव्हता. पावसाळ्याचं पाणी उतरत होतं, घोट्याएवढं. लेकीला म्हटलं तो गोटा उचल. तिने उचलून उलटा केला आणि ओरडली. चपटी अळी, तीन शेपट्या, कडेने कल्ले थरथरताहेत, तीर्थनमधल्यापेक्षा लहान आणि फिकट तपकिरी. अजून दोन गोटे बघितले, त्यावरही होत्या. फोटो काढून काकांना पाठवला, गोटा होता तसा परत ठेवला.

पाच मिनिटांत त्यांचा मेसेज आला, "गळ कितीचा लागेल?"

मी खिशातली डबी काढून अजून एका गोट्यावरच्या अळीशेजारी एक एक धरून बघितला आणि लिहिलं, "१८. आणि मोरपीस नको, काकूंकडची ती बदामी लोकर लागेल."

"ये घरी, ती काढून ठेवायला सांगतो."